खाडीकाठच्या हवेत गाडी रंगवताना

पावसाळ्यात गाडी रंगवायला काढू नका, असं ठाण्यातला कोणताही पेंटर सांगेल. त्याला पावसाच्या थेंबांची भीती असावी असं आपल्याला वाटतं. पण छपराखाली, कोरड्या पार्किंगमध्ये रंगवलेलं दारही जुलैत पांढुरकं पडतं. पाऊस आत आलेला नसताना रंगावर पाणी येतं कुठून? याचं उत्तर कळलं की घरी गाडी रंगवण्यातली बरीच कोडी सुटतात.

जुलैतल्या एखाद्या दमट दिवशी तापमान २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के आहे असं धरू. अशा एक घनमीटर हवेत जवळपास २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ही हवा फक्त तीन अंशांनी थंड झाली, म्हणजे २६ अंशांच्या आसपास आली, की तिला ते पाणी पेलवत नाही आणि दव पडू लागतं. हा त्या हवेचा दवबिंदू. आता फवारलेल्या रंगातला थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, उडताना काय होतं ते पाहा. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता तो ओल्या थरातून आणि खालच्या पत्र्यातूनच घेतो. थिनरमध्ये ॲसिटोनसारखे भरकन उडणारे घटक जितके जास्त, तितका पृष्ठभाग गार पडतो. तीन अंश ही काही मोठी घसरण नव्हे. हवेतलं पाणी मग ओल्या रंगावरच जमतं, थरात शिरतं आणि आतली राळ, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पदार्थ, सूक्ष्म कणांच्या रूपात वेगळी पडते. त्या कणांवर प्रकाश विखुरतो, म्हणून काळा रंग राखाडी आणि लाल रंग दुधाळ दिसतो. पावसाळ्यात काम घ्यावंच लागलं तर पेंटर रंगात रिटार्डर टाकतात. रिटार्डर म्हणजे हळू उडणारा थिनर. तो थराला एकदम गार होऊ देत नाही.

औद्योगिक रंगकामात एक साधा नियम पाळतात: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवं. जानेवारीतल्या दुपारी २८ अंश तापमान आणि ४५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १५ अंशांच्या जवळ असतो. म्हणजे हाताशी तेरा अंशांची मोकळीक राहते. पहाटे मात्र तेव्हाही घाई करू नये, कारण रात्रभर उघड्या आकाशाखाली राहिलेला पत्रा हवेपेक्षाही थंड असतो आणि बॉनेटवर दव दिसतंच. दुपार कलली की समुद्रावरचा वारा दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ घेऊन येतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते एक, आणि तेही सावलीत, ही मला ठाणे-नवी मुंबईसाठी सर्वांत चांगली वेळ वाटते. सावलीचा आग्रह यासाठी की उन्हातलं गडद बॉनेट ६० अंशांच्याही वर तापतं आणि रंग पसरण्याआधीच सुकतो.

पाण्याची आणखी एक वाट नवशिक्याच्या लक्षात येत नाही, ती कंप्रेसरमधून जाते. मिनिटाला २५० लिटर हवा घेणारी स्प्रे गन अर्ध्या तासात सुमारे आठ घनमीटर हवा ओढते. जुलैच्या हिशेबाने त्या हवेत दोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी आहे. टाकीत दाब सात बारपर्यंत चढला की हीच हवा एक घनमीटरमध्ये मावते आणि ती थंड झाल्यावर तिच्यातलं जेमतेम तीस ग्रॅम पाणी वाफ म्हणून टिकू शकतं. उरलेलं दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी टाकीत आणि पाइपात सुटतं. गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर तेच थेंब गाडीवर येतात. टाकीच्या तळाचा नळ कामाआधी आणि कामानंतर उघडायचा, तो एवढ्याचसाठी.

आता गाडीवर मुळात काय असतं ते पाहू. कारखान्यातला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडासाच जास्त. सर्वांत खाली फॉस्फेटचा पातळ लेप, त्यावर ई-कोट, मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. यातल्या ई-कोटला घरी पर्याय नाही. गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात, तेव्हा रंगाचे कण पोकळ्यांत आणि सांध्यांतही जाऊन बसतात. मग तो थर १६० अंशांच्या वर भट्टीत भाजतात. आपल्या खाडीकाठच्या खारट हवेत हा थर फार मोलाचा आहे. मिठातला क्लोराइड ओलाव्याबरोबर पोलादापर्यंत पोचला की गंज रंगाखालून आडवा सरकतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग फुगून सुटतो. तेव्हा घासताना हा राखाडी थर शक्यतो जपा. कडांवर तो लवकर उडतो, तिथे हात हलका ठेवा. पत्रा उघडा पडलाच तर त्याच दिवशी त्यावर एपॉक्सी प्रायमर मारा.

खड्डा भरायच्या पुटीबद्दल, म्हणजे रंगाऱ्यांच्या लांबीबद्दल, माझं स्पष्ट मत आहे: ती कोरडीच घासावी. आपल्याकडे पाणी मारून घासायची सवय आहे, कारण धूळ उडत नाही आणि पेपर जास्त टिकतो. पण पॉलिएस्टर पुटीत टाल्कची पूड भरपूर असते आणि घासल्यावर तिची छिद्रं उघडी पडतात. त्यांत शिरलेलं पाणी प्रायमरखाली कोंडलं तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येतो. पुटीला आधी ८० नंबर, मग १८०, मग ३२० असा कोरडा पॉलिशपेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), आणि तोंडावर धुळीचा मास्क. वॉटर पेपर प्रायमर झाल्यावर, ६०० पासून पुढे.

नवशिक्याचं मन सगळ्यात जास्त खातो तो संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. तो का येतो हे गणितातून फार छान उलगडतं. फवारलेले थेंब पत्र्यावर पडतात तेव्हा पृष्ठभाग उंचसखल असतो. द्रवाचा पृष्ठताण त्याला सपाट करू पाहतो आणि रंगाचा चिकटपणा त्याला अडवतो. सपाट होण्याचा वेग थराच्या जाडीच्या घनाने वाढतो: थर दुप्पट तर वेग आठपट. मग जाड थरच का देऊ नये? कारण उभ्या दारावरून गुरुत्वाकर्षणाने खाली वाहणारा रंगही जाडीच्या घनानेच वाढतो. आठपट लवकर सपाट होणारा थर आठपट जास्त ओघळतो. पेंटरचं कसब या दोन आठपटींमधल्या चिंचोळ्या जागेत असतं, आणि ते पाहून मला या कारागिरांविषयी मनापासून आदर वाटतो.

पण गणितच एक सुटकाही देतं. उंचवट्यांमधलं अंतर दुप्पट झालं तर सपाट व्हायला सोळापट वेळ लागतो. उलट बारीक थेंबांचे बारीक उंचवटे झटकन मिटतात. म्हणजे थर जाड करण्यापेक्षा फवारा बारीक करणं कितीतरी जास्त फळतं. रंग पुरेसा पातळ करा, हवेचा दाब गनवर सांगितल्याइतका ठेवा, गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर काटकोनात धरा आणि हात कमानीत न फिरवता समांतर न्या. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एका जाड थराऐवजी पाच-दहा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन थर द्या.

कधी ओल्या रंगात गोल खळगे पडतात आणि तळाशी प्रायमर दिसतो. याचं मूळ बहुतेकदा सिलिकॉनमध्ये असतं, आणि ते डॅशबोर्डच्या किंवा टायरच्या पॉलिशमधून येतं. सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण मीटरला २० मिलिन्यूटनच्या आसपास, तर रंगाचा साधारण ३०. द्रव नेहमी कमी ताणाकडून जास्त ताणाकडे ओढला जातो, म्हणून तेलाच्या एका सूक्ष्म डागापासून रंग चहूकडे पळतो. वरून कितीही रंग मारला तरी खळगा भरत नाही. घासण्याच्या आधी आणि नंतरही मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने, स्वच्छ फडक्याने पुसा. घासल्यावर पुसलं आणि आधी नाही, तर तेल ओरखड्यांत गेलेलं असतं.

पहिल्या कामासाठी साधा पांढरा किंवा लाल रंग घ्या, चंदेरी नको. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या असतात. थर सुकताना आकसतो तशा त्या पत्र्याला समांतर आडव्या होतात. थर जास्त ओला पडला तर त्या वाकड्यातिकड्या राहतात आणि रंग गडद दिसतो. कोरडा पडला तर फिकट. त्यामुळे एकाच डब्यातल्या रंगाने रंगवलेलं दार शेजारच्या दारापेक्षा वेगळं दिसू शकतं.

यापुढचा भाग मात्र जिवाशी निगडित आहे. बाजारात रंगाचे दोन मोठे प्रकार मिळतात, एनसी आणि पीयू. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने ते ड्युको या नावाने आणलं आणि आठवडे खाणारं गाडीचं रंगकाम तासांवर आलं; आपले सुतार फर्निचरच्या रंगाला अजून ड्युकोच म्हणतात. एनसी केवळ थिनर उडून सुकतं. पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन. त्यात रंग आणि हार्डनर यांची रासायनिक जोडणी होऊन जाळं तयार होतं, म्हणून ते भट्टीशिवायही कणखर होतं आणि पेट्रोल सांडल्यावरही टिकतं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा होऊ शकतो, आणि शरीर एकदा संवेदनशील झालं की पुढे अगदी कणभर मात्राही झटका आणते. घातक पातळीला त्याचा वास येत नाही, त्यामुळे कार्बनचा मास्क निकामी झाल्याचंही कळत नाही. बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त खोलीत, काम करणाऱ्याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, वर खिडक्या आणि खाली खेळणारी मुलं असताना, पीयू फवारू नये. एनसीचा थिनरही पेट घेतो, म्हणून जवळपास गॅस गिझर, ठिणगी उडवणारा स्विच किंवा सिगारेट नको. त्यासाठी मात्र सेंद्रिय वाफांचा कार्बन मास्क चालतो.

हेच आयसोसायनेट पाण्याशीही जुळतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. गादीतला फोम फुगतो तो याच क्रियेने. ऐरोली-वाशीच्या दमट हवेत हार्डनरचा डबा अर्धवट उघडा राहिला तर तो आतून निकामी होतो, कधी फुगतोही. मला सर्वांत शहाणी वाटते ती वाटणी अशी: घासणं, पुटी, एपॉक्सी प्रायमर आणि मास्किंग (न रंगवायचा भाग कागद-टेपने झाकणं) घरी, आणि रंग व क्लिअर कोट बूथ असलेल्या गॅरेजमध्ये. वेळखाऊ मेहनत तुमच्या हातून होते आणि धोकादायक फवारा योग्य जागी होतो. बंपर किंवा एकच दार असेल, तर एनसीने सगळं घरी करायलाही हरकत नाही. उरलेला थिनर गटारात ओतू नका. आपली गटारं ठाणे खाडीत उतरतात.

गाडीचा मूळ रंगच बदलायचा असेल तर आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे एमएच ०४ असो की ४३, आधी आरटीओत विचारून घ्या.

काम झाल्यावर हाताला कोरडं लागलं तरी थराच्या आत थिनर शिल्लक असतो आणि तो वरच्या कडक सालीतून हळूहळू बाहेर पडत राहतो. पहिला आठवडा गाडी शाम्पूने धुऊ नका आणि झाडाखाली लावू नका, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल कोवळ्या थरावर डाग पाडतं. मेणाचं पॉलिश महिनाभर तरी टाळा, म्हणजे थिनरची बाहेर पडायची वाट बंद होणार नाही.