२२८.५६ आणि ५.४८ : किम युनाच्या विक्रमांमागची गुणपद्धत

फिगर स्केटिंगमध्ये ‘विश्वविक्रम’ हा शब्द तसा अलीकडचा. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत होती तोवर मोडायला विक्रमच नव्हता. त्या गुणांतून त्या संध्याकाळी कोण पुढे आणि कोण मागे एवढंच कळायचं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगचा निकाल वादात सापडला, एका परीक्षकावर दबाव आल्याचे आरोप झाले आणि दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. आंतरराष्ट्रीय महासंघाने मग ती पद्धतच मोडीत काढली. नव्या पद्धतीत प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरलेले मूळ गुण, ती कशी जमली त्यावरून २०१८ पर्यंत वजा तीन ते अधिक तीन अशी श्रेणी, आणि सादरीकरणाचे गुण वेगळे. आता या बेरजा एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेशी ताडून बघता येऊ लागल्या. याच सुधारणेसोबत आणखी एक गोष्ट आली. कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले, ते झाकून ठेवायचं ठरलं. दबाव टाकणाऱ्याला आपलं काम झालं की नाही हे कळूच नये, असा त्यामागचा युक्तिवाद.

दक्षिण कोरियाची स्केटर किम युना हिला विक्रम मिळाले ते यातल्या पहिल्या तरतुदीमुळे. दुसरीचा फटका तिला २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये बसला, असं तिचे चाहते मानतात. मलाही बऱ्याच अंशी तसंच वाटतं, पण सगळा दोष गुप्ततेवर टाकता येत नाही. ते पुढे येईलच.

तिच्याआधी कोरियाचा बर्फावरचा दबदबा शॉर्ट ट्रॅक या वेगाच्या शर्यतींपुरता होता. २००६ मध्ये तिने ज्युनियर जागतिक विजेतेपद मिळवलं आणि लवकरच सरावासाठी टोरांटो गाठलं. २००७ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, वरिष्ठ गटातल्या पहिल्याच मोसमात, तिने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीत, ७१.९५ गुणांचा विक्रम केला. पदक मात्र कांस्य. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला २०७.७१ : नव्या पद्धतीत दोनशेच्या पुढे गेलेली ती पहिली महिला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये २१०.०३.

आणि मग फेब्रुवारी २०१० चं व्हँकुव्हर ऑलिंपिक. शॉर्ट प्रोग्रॅम ७८.५०, फ्री स्केटिंग या दुसऱ्या, लांब फेरीत १५०.०६, एकूण २२८.५६. आपलाच विक्रम तिने साडेअठरा गुणांनी मागे टाकला. रौप्य मिळवणाऱ्या जपानी प्रतिस्पर्धीने दोन्ही फेऱ्या मिळून तीन ट्रिपल अ‍ॅक्सेल (हवेत साडेतीन वळसे घेणाऱ्या अवघड उड्या) मारले, तरी ती २३.०६ गुणांनी मागे राहिली. ‘अ‍ॅक्सेल न मारता एवढे गुण?’ ही कुरबुर तेव्हापासूनची. उत्तर श्रेणीत आहे. किमची ट्रिपल लुट्झ–ट्रिपल टोलूप जोडउडी ज्या वेगाने सुरू होई त्याच वेगाने संपे, आणि अशा उडीला वरचे गुण द्यायला नियमच सांगत होते.

त्यानंतर दोन जागतिक रौप्यपदकं, मध्ये दीड-पावणेदोन वर्षांची विश्रांती, आणि २०१३ मध्ये कॅनडातल्या लंडनला २१८.३१ गुणांनी पुन्हा विजेतेपद.

आता सोची. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर किम ७४.९२ गुणांनी पहिली होती आणि यजमान रशियाची १७ वर्षांची स्केटर अवघ्या ०.२८ ने मागे. फ्री स्केटिंगमध्ये किमला १४४.१९, रशियन स्केटरला १४९.९५. अंतिम फरक ५.४८, आणि किमला रौप्य. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गुणपत्रिका उघडून पाहिली नव्हती, म्हणून ती इथे मांडतो. सादरीकरणात किमच ०.०९ ने पुढे होती. तांत्रिक गुणांत ती ५.८५ ने मागे पडली. त्यातले ३.९४ मूळ गुणांचे, कारण रशियन स्केटरच्या कार्यक्रमात सात ट्रिपल उड्या होत्या आणि किमच्या सहा. उरलेले १.९१ श्रेणीचे.

म्हणजे दोनतृतीयांश फरक कागदावर आधीच होता का? अगदी तसंही नाही. मूळ गुणांतही गिरक्या आणि पदन्यासाच्या पातळ्या ठरवणाऱ्या तांत्रिक मंडळाचा हात असतो, आणि किमच्या पदन्यासाला त्यांनी चौथी, म्हणजे सर्वोच्च पातळी नाकारली. रशियन स्केटर तीन उड्यांच्या जोडणीत उतरताना चुकली, किमचं मात्र कुठेच काही चुकलं नाही. तरीही श्रेणीचे एकूण गुण रशियन स्केटरचेच जास्त. मला खटकतो तो हा १.९१. आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत सादरीकरणात किमच्या बऱ्याच खाली असणारी स्पर्धक घरच्या बर्फावर ०.०९ च्या अंतरावर कशी आली, हेही.

ते कोणामुळे, हे शोधायची सोय नव्हती. नऊ परीक्षकांपैकी एक रशियन संघटनेच्या बड्या पदाधिकाऱ्याची पत्नी, तर दुसऱ्याला १९९८ च्या नागानो ऑलिंपिकनंतर वर्षभराची बंदी झालेली. त्यांनी नेमके किती गुण दिले, ते गुप्ततेमुळे सांगता येत नाही. त्यांनी पक्षपात केला असं म्हणता येत नाही आणि केला नाही असंही नाही. कोरियाने एप्रिलमध्ये तक्रार केली, तीही निकालाविरुद्ध नव्हे, तर परीक्षक मंडळाच्या रचनेविरुद्ध. ती जूनमध्ये फेटाळली गेली. किमने तोवर स्पर्धात्मक स्केटिंग सोडलं होतं. वरिष्ठ गटात एकाही स्पर्धेत ती पहिल्या तिघींच्या बाहेर गेली नव्हती.

कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले ते झाकण्याची प्रथा महासंघाने २०१६ मध्ये बंद केली. शॉर्ट प्रोग्रॅमचा विक्रम सोचीनंतर पुढच्याच महिन्यात व्हँकुव्हरच्याच त्या जपानी प्रतिस्पर्धीने मोडला होता. फ्री स्केटिंगचा २०१६ मध्ये मोडला, अवघ्या ०.०४ ने, आणि २२८.५६ जानेवारी २०१७ मध्ये. २०१८ पासून श्रेणी वजा पाच ते अधिक पाच झाली, तेव्हा तोवरचे सगळे विक्रम ‘ऐतिहासिक’ म्हणून वेगळ्या यादीत टाकले गेले. त्यामुळे आजच्या २३० शी किमच्या २२८.५६ ची तुलना करणाऱ्यांना दोन वेगळ्या गुणपद्धतींचे आकडे एकाच तराजूत घालावे लागतात.