असईचे शिपाई रंगवायला घेण्यापूर्वी

टेबलावर लढाई मांडून खेळायच्या छोट्या धातूच्या शिपायांचा हा संच. डबा उघडलात की आधी शिपाई मोजून घ्या. 24 पायदळ, एक तोफ आणि ती डागणारे पाच गोलंदाज असायला हवेत. शिपाई 28 मिलिमीटरचे, म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण एवढी उंची. ओतीव धातूत शिसं आहे, तेव्हा हाताळून झालं की हात धुवा, कानस मारताना उडणारी भुकटी ओल्या फडक्याने टिपा आणि घरात लहान मूल असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवा.

हा संच 23 सप्टेंबर 1803 च्या असईच्या लढाईचा आहे. असई आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. एकीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांचं सैन्य, दुसरीकडे आर्थर वेलस्लीच्या हाताखालच्या इंग्रजी आणि कंपनीच्या पलटणी. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये नदी पायी ओलांडायचा उतार असणारच हे वेलस्लीने ताडलं आणि तिथूनच फौज पार नेली. टेबलावर नदी मांडताना ही दोन गावं विसरू नका.

दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की मराठ्यांकडचे शिपाई इंग्रजांसारखे लाल डगल्यात कसे? चूक झाली म्हणून काहींनी डबा परतही आणला आहे. चूक नाही. महादजी शिंद्यांनी 1784 च्या सुमारास द बॉइन्य या युरोपीय सेनानीला चाकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या करायला सुरुवात केली आणि त्यांचे पुढे कंपू, म्हणजे अनेक पलटणींचे मोठे गट, झाले. कंपूतले तिलंगे, म्हणजे कवायती पायदळ शिपाई, लाल डगला घालत, संगिनीची बंदूक बाळगत आणि हुकमावर रांगा बदलत. असईला हे कंपू हॅनोव्हरच्या पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होते, सोबत उत्तरेतल्या सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिच्या पलटणीही होत्या. या लोकांना फेटेवाल्यांचा विस्कळीत जमाव म्हणून रंगवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. आमचा सगळा खटाटोप त्यासाठीच चालला आहे. बाजारात इंग्रज बाजूचे शिपाई हवे तितके सापडतात. शिंद्यांच्या बाजूचा तिलंगा मनासारखा मिळेना, म्हणून आम्ही तो ओतायला घेतला.

मग टेबलावर दोन्ही बाजू ओळखायच्या कशा? कंपनीचा मद्रासी शिपाई पाहा. डगला लाल, पण खाली मांडीपर्यंतची पांढरी चड्डी, तिच्या काठाला निळी नक्षी, पाय उघडे, पायात वहाणा आणि डोक्यावर गडद निळं, ताठ बांधलेलं पागोटं. तिलंग्याच्या लाल रंगात मात्र फरक राहू द्या. चार शिपाई गडद लाल, चार विटके, एखादा उन्हाने पार उडालेला. नजीब, म्हणजे शिंद्यांचंच दुसरं पायदळ, वेगळेच. ते आपापल्या कपड्यांत, हातात जळत्या वातीने डागायची तोड्याची बंदूक, पाठीवर ढाल. त्यांना एकसारखा रंग देऊच नका.

खाकी कपडे आणि पांढरी टोपी घातलेले शिपाई मात्र या टेबलावर आणू नका. कंपनीच्या फौजेत खाकी आली ती 1840 च्या दशकाच्या अखेरीला, सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीत. पांढऱ्या उन्हटोपीचे जे शिपाई सहज मिळतात, ते बहुतेक 1879 च्या झुलू युद्धासाठी केलेले असतात. तिथे ते शोभतात.

आता गोलंदाजांबद्दल. हे पाच जण आधी रंगवा, हात ताजा आणि डोळा थकलेला नसताना. शिंद्यांच्या तोफखान्याची मोठी तयारी आग्र्याला झाली. तिथे सँग्स्टर नावाचा युरोपीय कारागीर तोफा ओतत असे. असईच्या रणात शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि त्यांच्या माऱ्याने वेलस्लीचे तोफा ओढणारे बैल आणि गाडीवान आधी कोसळले. इंग्रजांची रांग तोफा ओलांडून पुढे गेली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले, तोफांची तोंडं फिरवली आणि त्याच रांगेच्या पाठीवर मारा सुरू केला. म्हणून आमच्या पाचांतला एक गोलंदाज जमिनीवर पालथा पडलेला आहे, पण त्याचा एक हात चाकाच्या आरीवर आहे. तो मेलेला समजून बाजूला ठेवू नका. हाताची बोटं बारीक ब्रशने नीट उठवा.

वेलस्लीची 74 वी स्कॉटिश पलटण वेगळ्या डब्यात मिळते. एक शिपाई म्हणजे वीस माणसं असं धरलं तर तिचे साधारण 25 शिपाई होतात, कारण पलटण पाचशेच्या आसपास होती. असई गावाच्या बाजूला ती थेट तोफांच्या तोंडी सापडली आणि मेलेले-जखमी मिळून जवळजवळ चारशे माणसं गेली. खेळ संपेपर्यंत टेबलावर पाच-सहाच शिपाई उरतात. तेवढे उचलून बाजूला ठेवताना हात थबकतो.

रंगकाम. शिपाई भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा, साच्याची रेघ कानशीने काढा, मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत स्प्रे प्रायमर मारू नका. हवेतल्या दमटपणाने तो खरखरीत बसतो आणि चेहऱ्याचे कंगोरे बुजतात. एका पावसाळ्यात आमचे 24 च्या 24 शिपाई असे वाया गेले, सगळे खरवडून पुन्हा सुरुवात केली. पावसाळ्यात प्रायमर ब्रशने लावा, दोन पातळ थर द्या. शेवटच्या वॉर्निशलाही हाच नियम, नाहीतर त्यावर पांढरट धुकं चढतं.

लाल रंग उजळवायला पांढरा मिसळू नका, डगला गुलाबी होतो. थोडा नारिंगी मिसळा आणि फक्त खांदे, कोपरे, दंडावरच्या चुण्या एवढ्यावरच ओढा. पांढऱ्या चड्डीला सुरुवात फिकट राखाडीने करा, पांढरा रंग वरच्या कडांना राखून ठेवा. त्वचेसाठी एकच तपकिरी रंग सगळ्यांना फासू नका. दोन छटा घ्या, दर तीन शिपायांमागे मिश्रण थोडं बदला.

तळाच्या चकतीवर युरोपातलं मऊ हिरवं कुरण लावू नका. मराठवाड्याची काळी माती आहे. गडद तपकिरीत काळा मिसळून थर द्या, वाळला की फिकट मातकट रंगाने ड्राय ब्रश, म्हणजे रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश, फिरवा. सप्टेंबर आहे, पाऊस सरत आलेला, तेव्हा हिरवळ असू द्या, पण ठिगळाठिगळांनी.

संगीन वाकलेली निघाली तर बोटांनी एकदाच, सावकाश सरळ करा. मागेपुढे वाकवली की धातू तुटतो. तुटलीच किंवा शिपाई कमी भरला, तर डब्यावरचा क्रमांक आणि फोटो पाठवा, आम्ही तो शिपाई पुन्हा ओतून देतो.