पाण्यावर तरंगत गवत मोजणारे

वेस्टर्न अटलांटिकच्या किनाऱ्यावर एक चिमुकली गोगलगाय होती. लॉटिया अल्व्हियस तिचं नाव. एकाच प्रकारच्या सागरी गवताच्या पात्यांवर ती राहायची आणि तिथंच खायची. 1930च्या दशकात त्या गवतावर रोग पडला आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरची जवळजवळ 90 टक्के कुरणं गेली. त्यांच्याबरोबर गोगलगायही गेली. ती नामशेष झाली असल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं ते मात्र 1991 साली. मधली सहा दशकं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

समुद्राच्या तळावर काय उरलंय आणि काय गेलंय, हे नियमितपणे पाहायला कधीच पुरेशी माणसं नसतात. संशोधन बोट महाग, प्रशिक्षित पाणबुडे मोजके. केल्प या मोठ्या समुद्री शैवालाचं पाण्यावर पसरलेलं छत्र उपग्रहाला दिसतं, पण गढूळ पाण्याखालचं गवत बऱ्याचदा निसटतं. किनाऱ्यापासून चार-पाच मीटर खोलीपर्यंतचा पट्टा मात्र मास्क आणि स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासनळी) लावून तरंगणाऱ्या माणसाच्या थेट डोळ्यांखाली येतो. म्हणून हौशी पोहणाऱ्यांना हाताशी धरण्याची पद्धत रुजत गेली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 1998 साली सुरू झालेल्या ‘सीग्रास-वॉच’ने सर्वसामान्य लोकांना गवताची मोजणी शिकवली. ब्रिटनमधल्या ‘सीसर्च’ उपक्रमात स्वयंसेवक पाणबुड्यांबरोबर स्नॉर्केल करणारेही नोंदी देतात.

गवत आणि केल्प यांना एका दमात ‘समुद्रातली हिरवळ’ म्हणून मोकळं होता येत नाही. सागरी गवत ही खरीखुरी सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळं असतात, जमिनीखाली आडवं पसरणारं खोड असतं आणि फुलंही पाण्याखालीच येतात. ती वाळूत किंवा चिखलात रुजते. केल्प हे तपकिरी शैवाल. त्याला मुळं नसतातच. बुडाशी बोटांसारखे फुटवे असतात, ते खडकाला घट्ट धरून ठेवतात, अन्न मात्र शोषत नाहीत. त्यामुळे दोघांची दुखणीही वेगळी. गवताला गढूळपणा आणि नांगर बाधतो. नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर फिरते, तिची साखळी तळावर घासत जाते आणि हिरव्या कुरणात गोल टक्कल पडतं. केल्पला पाण्याची उष्णता सोसत नाही. शिवाय सी अर्चिन हे काटेरी समुद्री प्राणी माजले, तर ते अख्खं जंगल फस्त करतात. उत्तर कॅलिफोर्नियात 2014 नंतर दोन्ही संकटं एकदम आली. पाणी तापलं आणि अर्चिन खाणारे सूर्यफुली तारामासे रोगाने मेले. तिथल्या साधारण 350 किलोमीटर किनाऱ्यावरचं 90 टक्क्यांहून जास्त बुल केल्प त्यात गेलं.

स्वयंसेवकाला पहिल्यांदा शिकवतात ते मात्र यातलं काहीच नाही. आधी येतो श्वास. डुबकी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेऊ नका, हे पुन्हा पुन्हा बजावलं जातं. तशा श्वसनाने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वास घ्यायची तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो इशाराच उशिरा आला, तर माणूस पाण्यात असतानाच शुद्ध हरपू शकतो, आणि चांगले पोहणारेच यात सापडतात. म्हणून जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचं नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे थंड समुद्रात वेटसूट हवाच.

मग डोळ्यांची शिकवणी. मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते. 30 सेंटिमीटरचं पातं नजरेला 40 सेंटिमीटरचं वाटतं, आणि अंदाजाने लिहिणाऱ्याची सगळी कुरणं ऐसपैस निघतात. उपाय साधा: पट्टी पात्याला चिकटवून धरायची. तीही तितकीच फुगलेली दिसते, त्यामुळे आकडा बरोबर येतो. रंगांवरही फार विसंबता येत नाही. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेतं, म्हणून थोडं खाली गेलं की लाल शैवालं काळपट दिसू लागतात.

खरी मेहनत आहे ती ‘किती टक्के तळ झाकलाय’ हे सांगण्यात. सीग्रास-वॉचच्या नेहमीच्या पद्धतीत 50 मीटरच्या तीन मापफिती समांतर टाकतात आणि दर पाच मीटरवर 50 बाय 50 सेंटिमीटरची चौकट ठेवतात. एका जागी अशा 33 चौकटी होतात. प्रत्येक चौकटीतल्या आच्छादनाचा आकडा नजरेने ठरवायचा. त्यासाठी आधी कोरड्या जमिनीवर फोटो दाखवतात, ज्यांची टक्केवारी ठरलेली असते. शेजाऱ्याच्या पाटीत न डोकावता प्रत्येकाने आकडा लिहायचा, मग सगळे ताडून पाहायचे. पहिल्या फेरीत एकाच फोटोला कुणी 30 देतो, कुणी 60. काही फेऱ्यांनंतर आकडे जवळ यायला लागतात. पाण्यात आणखी एक गोम असते: प्रवाह जोरात असला की पाती आडवी होतात आणि तेच विरळ गवत दाट वाटतं. म्हणून भरती-ओहोटीची कोणती वेळ धरायची हे आधी ठरवतात आणि दरवर्षी तीच पाळतात.

प्रजातींच्या नावांवर प्रशिक्षणात जरा जास्तच वेळ जातो, असं माझं मत आहे. बऱ्याच कामांना ‘गवत आहे की नाही, किती दाट आहे’ एवढं पुरतं. पण केल्पच्या बाबतीत हे म्हणणं मागे घ्यावं लागतं. ईशान्य अटलांटिकमध्ये लॅमिनारिया हायपरबोरियाचा देठ खरखरीत आणि ताठ असतो. मोठ्या ओहोटीला तो उघडा पडला तरी उभा राहतो. लॅमिनारिया डिजिटाटाचा देठ गुळगुळीत आणि लवचिक, पाणी उतरलं की लोळण घेतो. बोट फिरवलं की फरक कळतो, म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेले देठ आधी हातात देतात. तिसरा भिडू लॅमिनारिया ऑक्रोल्यूका. उभा राहतो हायपरबोरियासारखा, पण देठ गुळगुळीत, आणि पात्याच्या बुडाशी पिवळसर डाग. हा उबदार पाण्यातला, आणि दक्षिण ब्रिटनच्या किनाऱ्यावर पसरतो आहे. हायपरबोरियाच्या खरखरीत देठावर लाल शैवालांची आणि बारीक जिवांची अख्खी वस्ती असते. ऑक्रोल्यूकाच्या देठावर जवळजवळ काहीच टिकत नाही. हायपरबोरियाची जागा त्याने घेतली, तर वरून पाहणाऱ्याला जंगल होतं तसंच दिसेल, खाली मात्र ते ओस पडत चाललेलं असेल. इथे बोटांनी केलेली ओळख लाखमोलाची.

जीपीएस पाण्याखाली चालत नाही, म्हणून ते जलरोधक पिशवीत घालून मागून ओढायच्या तरंगत्या बोयावर ठेवतात. पोहायला सुरुवात करताना जीपीएसच्या पडद्यावरच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढायचा. नंतर प्रत्येक फोटोची वेळ मार्गाशी जुळवून तो नेमका कुठे काढला ते सांगता येतं. हा एक फोटो विसरला, तर दिवसभराची छायाचित्रं नुसती सुंदर उरतात.

नवख्यांना सगळ्यात जड जातं ते शून्य लिहिणं. ‘काही दिसलंच नाही, मग काय नोंदवायचं?’ असं विचारत ते रिकामी पाटी परत आणतात. पण पाहून काही न सापडणं आणि मुळात कुणी न पाहणं यांत फार अंतर आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात केल्प 38 टक्के प्रदेशांत घटलेलं आणि 27 टक्के प्रदेशांत वाढलेलं आढळलं. बाकी ठिकाणी ठळक बदल नव्हता. म्हणजे जगाची सरासरी हाताशी असली तरी आपल्या खाडीत काय चाललंय, ते तिथं उतरूनच कळणार. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या किनाऱ्यावर 1987 नंतर 96 टक्के केल्प नाहीसं झालं. 2021मध्ये तिथल्या 300 चौरस किलोमीटरहून अधिक समुद्रात तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना बंदी झाली. अशा जागी केल्प परततंय का, हे ठरवताना आधीच्या वर्षांची शून्यंच कामी येतात.

स्नॉर्केलची मर्यादाही आहे, आणि ती नेमकी अडचणीच्या जागी आहे. पृष्ठभागावरचा सरासरी 11 टक्के प्रकाश जिथवर पोचतो, साधारण तिथवर सागरी गवत वाढतं. पाणी गढूळ झालं की आधी मरतं ते कुरणाच्या सर्वांत खोल कडेचं गवत. स्वच्छ पाण्यात ही कड वरून तरंगणाऱ्याच्या नजरेपलीकडे असते. तिथे दोरीने सोडलेला कॅमेरा किंवा पाणबुड्याच हवा. गढूळ खाड्यांमध्ये मात्र ती दोन-तीन मीटरवरच येते. तिथे स्वयंसेवक कडेकडेने पोहत जातो आणि बोयावरचं जीपीएस त्या कडेची रेघ आखत राहतं. पुढच्या वर्षीची रेघ किनाऱ्याकडे सरकलेली दिसली, तर गाळ कुठून येतोय याचा शोध त्याच हंगामात सुरू करता येतो.