किंग, विल्यम लायन मॅकेंझी

किंग, विल्यम लायन मॅकेंझी : (१७ डिसेंबर १८७४–२२ जुलै १९५०). कॅनडाचे पंतप्रधान व लिबरल पक्षाचे नेते. १९२१ ते १९४८ दरम्यान तीन खेपांत मिळून २१ वर्षांहून अधिक काळ ते पदावर होते. हा उच्चांक कॅनडात अद्याप कोणी मोडलेला नाही. जन्म आँटॅरिओ प्रांतातील बर्लिन (आताचे किचनर) येथे. आईचे वडील विल्यम लायन मॅकेंझी हे ब्रिटिश वसाहतीतील सत्तेविरुद्धच्या १८३७ च्या बंडाचे पुढारी. नातवाने नाव बंडखोराचे घेतले, स्वभाव मात्र ताकही फुंकून पिणाऱ्याचा.

सरकारी कामगार खात्यात संप मिटविणारा अधिकारी म्हणून त्यांचा लौकिक झाला. भारतीयांच्या स्थलांतराच्या प्रश्नावर १९०८ मध्ये ते लंडनला गेले. कॅनडाचे हवामान भारतीयांना मानवणारे नाही, असा त्यांच्या अहवालाचा सूर होता. मायदेशाहून थेट, न थांबता आलेल्यांनाच प्रवेश, हा नियम त्याच वर्षीचा. भारतातून असा थेट प्रवास करणे जवळजवळ अशक्य असल्याने भारतीयांची वाट त्याने बंदच झाली.

१९१९ मध्ये पक्षाचे नेतृत्व व १९२१ मध्ये पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीचे गांभीर्य मात्र त्यांना उमगले नाही. बेकारांसाठी विरोधी पक्षाच्या प्रांतिक सरकारांना पाच सेंटही देणार नाही, असे ते एप्रिल १९३० मध्ये संसदेत बोलून गेले. एरवी शब्द तोलून वापरणाऱ्या माणसाची ही घसरण महागात पडली. जुलैमध्ये आर. बी. बेनेट यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने त्यांना हरविले.

ही हार त्यांच्या पथ्यावर पडली. मंदीची सर्वांत वाईट वर्षे बेनेट यांच्या माथी आली. प्रेअरी म्हणजे गवताळ मैदानांच्या प्रांतांत दुष्काळ, गव्हाचे भाव कोसळलेले, पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून मोटारींना घोडे जुंपलेले. अशा गाड्यांना लोक ‘बेनेट बग्गी’ म्हणत. किंग विरोधी बाकांवर फारसे काही न सुचविता थांबून राहिले. १९३५ मध्ये ‘किंग किंवा अनागोंदी’ या घोषणेवर २४५ पैकी १७० हून अधिक जागा लिबरलांना मिळाल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची खरी कसोटी लागली ती सक्तीच्या सैन्यभरतीवर. पहिल्या महायुद्धात याच प्रश्नाने इंग्रजीभाषक व फ्रेंचभाषक कॅनडात फूट पाडली होती. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले. कॅनडाने संसदेत ठराव करून १० तारखेला. परदेशी लढण्यासाठी सक्ती नाही, हा किंग यांचा शब्द होता. त्यातून मोकळीक मागण्यासाठी एप्रिल १९४२ मध्ये त्यांनी जनमत घेतले. देशाने सुमारे ६४ टक्क्यांनी होकार दिला. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताने सुमारे ७२ टक्क्यांनी नकार. ‘सक्तीची भरती होईलच असे नाही, पण गरज पडली, तर सक्तीची भरती’ हे त्यांचे वाक्य याच वेळचे. दोन डगरींवर पाय ठेवण्याचा इतका उघड नमुना राजकारणात विरळा.

१९४४ च्या शरद ऋतूत युरोपातील कॅनेडियन पायदळाला माणसे कमी पडू लागली. संरक्षणमंत्री रॅल्स्टन सक्तीसाठी अडून बसले, तेव्हा रॅल्स्टन यांनी १९४२ मध्ये दिलेला व आपण जपून ठेवलेला राजीनामा किंग यांनी बाहेर काढला आणि तो मंजूर केला. तीनच आठवड्यांत त्यांनी स्वतःच १६,००० सक्तीचे सैनिक पाठविण्याचा निर्णय घेतला. आघाडीवर पोहोचले जेमतेम अडीच हजार. सरकार तरले, देशही दुभंगला नाही.

बेकारी विमा (१९४०) व बालभत्ता (१९४५) या योजना त्यांच्याच काळातल्या. काळी बाजूही तितकीच ठळक : १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ जहाजावरील ज्यू निर्वासितांना आसरा नाकारला गेला, आणि १९४२ पासून सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून त्यांची मालमत्ता विकून टाकण्यात आली.

१९४५ मध्ये पक्ष जिंकला. सैनिकांच्या मतांनी किंग यांची स्वतःची प्रिन्स अॅल्बर्टची जागा मात्र घालविली. पोटनिवडणुकीतून ते परतले व नोव्हेंबर १९४८ मध्ये निवृत्त झाले.

ते आजन्म अविवाहित राहिले. १८९३ पासून लिहिलेल्या त्यांच्या रोजनिशीची सुमारे ३०,००० पाने आहेत. मृत आईशी साधलेल्या संवादापासून लाडक्या कुत्र्यापर्यंत सारे तीत आहे. प्रकाशनासाठी आपण खूण करू तेवढाच भाग ठेवावा, बाकीचा नष्ट करावा, अशी त्यांची सूचना होती. खुणा करायच्या राहून गेल्या.