घरच्या बॅटरीला सबसिडी का नाही: मागची सगळी गोष्ट

दिवाळीत मेलबर्नहून पुतण्याचा फोटो आला, घराच्या भिंतीला कपाटासारखी पांढरी बॅटरी लावलेली, अन् खाली लिहिलं होतं की सरकारनं जवळपास तिसरा हिस्सा सोडला. तो फोटो घरच्या ग्रुपवर फिरला अन् अंबाजोगाईच्या दाजींनी लगेच विचारलं, आपल्याकडं बॅटरीवर किती सुटतेत? त्यांच्या हातात एक कोटेशनपण होतं, तीन किलोवॅटचं पॅनल, हायब्रीड इन्व्हर्टर (म्हणजे तार अन् बॅटरी दोन्हींवर चालणारा), लिथियम बॅटरी असं सगळं एकत्र, अन् शेवटच्या ओळीत सबसिडी ७८,०००. दाजींनी सरळ धरलं की बॅटरी आहे म्हणूनच एवढे पैसे मिळायलेत. तसं नाहीये. पण त्यांची चूकबी नाही, कारण आपल्याकडं एके काळी बॅटरी खरंच सबसिडीत होती, नंतर ती बाहेर पडली, अन् हे कसं झालं ते कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहायलोय.

सुरुवात लोडशेडिंगपासून करावी लागते, कारण मराठवाड्यात बॅटरी सोलारच्या आधी आली, इन्व्हर्टरसोबत. २००१ ला दाभोळचा वीज प्रकल्प बंद पडला, मागणी वाढत गेली अन् नवीन वीज काही आली नाही. २००५ च्या जूनमध्ये जुन्या वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या, तेव्हा राज्यात संध्याकाळच्या वेळी चार-पाच हजार मेगावॅटचा खड्डा होता. मग फिडरचे, म्हणजे गावागावांना वीज नेणाऱ्या लाईनचे, गट पडले, ज्या फिडरवर गळती अन् थकबाकी जास्त तिथं लाईट जास्त वेळ बंद, अन् आमच्या भागातले कितीतरी फिडर यादीच्या शेवटच्या गटांत. परळीचं थर्मल आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर, १९७१ पासून तिथं वीज तयार होते, तरी दहावीचा अभ्यास आम्ही कंदिलात केला. पुढं २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते थर्मलसुद्धा बंद ठेवावं लागलं. म्हणजे वीज जिथं तयार होते तिथंबी खात्री नाही, ही गोष्ट आमच्या पिढीच्या मनात पक्की बसली, अन् म्हणून आजबी सोलार म्हटलं की मराठवाड्यातला माणूस पहिलं विचारतो, लाईट गेल्यावर चालेल का? बिल किती कमी होईल हे नंतर.

त्या काळात ज्यांना परवडलं त्यांनी इन्व्हर्टर घेतला, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, जिन्याखाली ट्रॉलीवर, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर. बारा व्होल्ट गुणिले दीडशे म्हणजे १.८ युनिट, पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर बसते, म्हणून हातात येतं एक युनिटच्या आत. दोन पंखे, चार दिवे, चार तास. सरकारी मदत शून्य, उलट पुढं जीएसटी आल्यावर या बॅटरीवर २८ टक्के लागला, अन् तो अगदी २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत तसाच होता. सूट मिळायची ती एकच, जुनी बॅटरी परत दिली की दुकानदार नवीच्या किमतीतून पैसे कमी करायचा. त्यामागं शिशाची किंमत तर होतीच, पण २००१ चा बॅटरी नियमपण होता, त्यात वापरलेली बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी विकणाऱ्यांवर टाकली होती, शिसं उघड्यावर वितळवून माती-पाणी खराब होऊ नये म्हणून. २०२२ ला त्याच्या जागी नवीन नियम आले अन् त्यात लिथियमसकट सगळ्या बॅटऱ्या घेतल्या. माझ्या मते आपल्या घरांना मिळालेली बॅटरीवरची पहिली सूट हीच, भंगाराची.

आता सबसिडीचा खरा भाग. २०१० च्या जानेवारीत जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं अन् त्यात ऑफ-ग्रिड, म्हणजे तारेला न जोडलेल्या सोलारचा, वेगळा कप्पा होता. पॅनल, बॅटरी अन् दिवे असा अख्खा संच, त्याच्या ठरवलेल्या किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत केंद्राची मदत, अन् बॅटरीवाल्या संचाला प्रति वॅट मदत बिनबॅटरीवाल्यापेक्षा जास्त. नाबार्डमार्फत बँकांकडून कर्जाला जोडूनपण होम लाईटचे संच दिले गेले. म्हणजे त्या वेळच्या सरकारी हिशोबात सोलार म्हणजे बॅटरी हे धरलेलंच होतं, कारण योजना होती जिथं तार पोचली नाही तिथल्यासाठी, तांडा, वस्ती, शेतातलं घर. आमच्या गावात मारुतीच्या पारापाशी असा एक सोलारचा खांब लागला होता, पहिली दोन वर्षं लख्ख उजेड, तिसऱ्या वर्षी बॅटरी बसली, नंतर बॅटरीची पेटीच कुणीतरी काढून नेली, खांब अन् पॅनल अजून उभे आहेत. आजूबाजूच्या गावांत विचारा, जवळपास हेच ऐकाल. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं अन् लेड-अॅसिड बॅटरी तीन-पाच वर्षांत जाते, सबसिडी मात्र एकदाच मिळायची, दुसऱ्या बॅटरीला पैसे कुठून आणायचे याचं उत्तर त्या योजनेत नव्हतं. मला हा सगळ्यात मोठा दोष वाटतो, अन् पुढं बॅटरीवरचा विश्वास उडाला त्याला हाच कारण.

मग चित्र पालटलं ते नेट मीटरिंगमुळं. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगानं छतावरच्या सोलारसाठी नेट मीटरिंगचे नियम काढले. दिवसा जास्तीची वीज तारेत सोडा, रात्री तेवढीच परत घ्या, युनिटला युनिट वजा. हे कळायला सोपं अन् घरमालकाला लई फायद्याचं, कारण तारच तुमची बॅटरी झाली, पाणी टाकायचं नाही, बदलायची नाही, चोरीला जायची नाही. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रानं छतावरच्या सोलारची तरतूद ६०० कोटींवरून ५,००० कोटी केली, घरांना ३० टक्के मदत, पण ग्रिडला म्हणजे विजेच्या तारेला जोडलेल्या संचाला. २०१७ ला सौभाग्य योजना आली, घराघरात मीटर द्यायची, अन् जिथं तार जाऊच शकत नाही अशा दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनल बॅटरीसकट, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा. माझ्या वाचण्यात तरी सरकारी पैशातून घरापर्यंत गेलेली मोठी बॅटरी ती शेवटची. २०१८ च्या ऑफ-ग्रिड टप्प्यात बॅटरीवाले मोठे संच शाळा, वसतिगृह, पंचायत अशा सार्वजनिक जागांपुरते राहिले. २०१९ ला रूफटॉपचा दुसरा टप्पा आला, तीन किलोवॅटपर्यंत ४० टक्के अन् त्याच्या पुढं दहापर्यंत २० टक्के, तेबी ग्रिडवाल्यालाच. सरकारचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं, तार आली की बॅटरी कशाला? पण तार येणं अन् तारेत लाईट असणं यातला फरक आमच्याकडच्या माणसाला विचारायचा होता.

इथंच लोक फसतात ते नीट सांगतो. ऑन-ग्रिड सोलार लाईट गेली की आपोआप बंद पडतं. भर उन्हात, पॅनल तापलेलं, अन् घरात पंखा बंद. हा बिघाड नाही, मुद्दाम तसं बनवलेलं असतं, नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाऊन डीपीवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. लाईट नसताना सोलार चालवायचं तर हायब्रीड इन्व्हर्टर अन् बॅटरी लागते. हे आधी न सांगता विकलेले संच माझ्या माहितीत किमान चार घरी आहेत अन् चारी घरची माणसं आज सोलारलाच दोष द्यायलेत.

आता पीएम सूर्यघर, २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली, एक कोटी घरं अन् ७५,०२१ कोटींची योजना. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तीला ७८,००० वर थांबते. हे पैसे मोजले जातात पॅनलच्या किंवा इन्व्हर्टरच्या किलोवॅटवर, दोन्हींत जे कमी असेल त्यावर, अन् पॅनल भारतात बनलेल्या सेलचंच पाहिजे. बॅटरीला वेगळा रुपया नाही. बॅटरी लावली तर चालते, संच ग्रिडला जोडलेला असला पाहिजे एवढंच, पण खर्च तुमचा. म्हणजे दाजींच्या कोटेशनमधले ७८,००० बॅटरी नसती तरी तेवढेच आले असते. २०२५ ला राज्यानं स्मार्ट नावाची योजना आणली, दारिद्र्यरेषेखालच्या अन् महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी, एक किलोवॅटला केंद्राचे ३०,००० अन् वरून राज्याचे, दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५००, म्हणजे पदरचे २,५०० च जातात. चांगली योजना आहे, मराठवाड्यातल्या लई घरांना बसते, पण त्यातबी हिशोब किलोवॅटचाच.

मग तिकडं ऑस्ट्रेलियात का देतात? तिथं बॅटरीवरचा पैसा लोडशेडिंगमुळं आलेला नाही. चाळीस लाखांहून जास्त घरांवर पॅनल चढले, दुपारी वीज इतकी जास्त व्हायला लागली की तारेत सोडलेल्या युनिटला भाव राहिला नाही, संध्याकाळी मात्र महाग. म्हणून १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारनं बॅटरीवर साधारण ३० टक्के सूट सुरू केली. जर्मनीत तेच आधी झालं, वीज विकायचा दर खाली आला तसं २०१३ च्या मे महिन्यात सरकारी बँकेमार्फत बॅटरीला कर्ज अन् अनुदान सुरू झालं अन् २०१८ ला बंदबी केलं. कॅलिफोर्नियात २०२३ च्या एप्रिलपासून नवीन ग्राहकांना तारेत सोडलेल्या विजेचे पैसे एकदम कमी केले अन् लोक बॅटरीकडं वळले. अमेरिकेच्या केंद्राची घरमालकांसाठीची ३० टक्क्यांची करसवलत मात्र २०२५ च्या अखेरीस संपली. म्हणजे जिथं तारेत सोडलेल्या युनिटला चांगला भाव मिळणं थांबलं तिथं बॅटरीच्या सवलतीची गरज पडली. आपल्याकडं नेट मीटरिंग शाबूत आहे तोवर सरकारला घरच्या बॅटरीवर खर्च करायची घाई नाही, अन् जो पैसा आहे तो मोठ्या बॅटऱ्यांना चाललाय, २०२३ च्या सप्टेंबरात ४,००० मेगावॅट-तासाच्या ग्रिड बॅटऱ्यांना भांडवलाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर झाली, त्याच्या आधी २०२१ ला बॅटरी सेलच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटी.

पण वारं फिरायला लागलंय. २०२३ च्या जूनमध्ये केंद्रानं ग्राहक हक्काच्या नियमात बदल करून दिवसाच्या वेळेनुसार दर आणायला सांगितलं, अन् आपल्याकडं १ जुलै २०२५ पासून टीओडी (वेळेनुसार वापर मोजणाऱ्या) मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागं ८० पैसे ते एक रुपया सूट लागू झाली. त्याच्या आधी, दरवाढीच्या सुनावण्यांच्या वेळी, सोलारवाल्यांचे दिवसाचे युनिट रात्री वजा होणार नाहीत अशी भीती पसरली होती अन् लोकांनी जोरदार हरकती घेतल्या होत्या. ती भीती उद्या खरी झाली तर बॅटरीचं गणित एका रात्रीत बदलतं. आज मात्र ते बसत नाही. पाच युनिटची लिथियम बॅटरी रोज दिवसा भरून रात्री वापरली अन् युनिटमागं रुपया वाचला तरी वर्षाला अठराशे रुपये, अन् बॅटरी लाखाच्या घरात. बिलासाठी बॅटरी घ्यायची नाही, लाईट जाते म्हणून घ्यायची, हे मी दाजींना सांगितलं.

आपल्या हातात आज जी सवलत आहे ती करातली. लिथियमवरचा जीएसटी २०१८ च्या जुलैत २८ वरून १८ झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-अॅसिडसकट सगळ्या बॅटऱ्या १८ वर आल्या अन् सोलारचं सामान १२ वरून ५ वर. संच बसवून देतात तेव्हा ७० टक्के सामान अन् ३० टक्के काम असं धरून कर लागतो, त्यामुळं एकूण १३.८ चा ८.९ टक्के झाला. म्हणून कोटेशनमध्ये पॅनलचा संच वेगळा अन् बॅटरी वेगळी लिहून मागा, दोन्हींवर कोणता दर लावलाय तेपण लिहून घ्या. जुना दर लावलेला कागद मी या दिवाळीतसुद्धा पाहिला.

दाजींचं शेवटी असं ठरलं. तीन किलोवॅट, हायब्रीड इन्व्हर्टर आत्ताच, कारण तो नंतर बदलायचा म्हटलं की पुन्हा खर्च अन् पुन्हा कागदपत्रं. लिथियम बॅटरी सध्या नाही. जिन्याखालची जुनी ट्युब्युलर तशीच चालू ठेवायची तिच्या वेगळ्या इन्व्हर्टरवर, अन् ती बसली की भंगारात देऊन तेव्हा लिथियमचा भाव काढायचा. इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर दोन फूट जागा मोकळी सोडायला त्यांनी मिस्त्रीला सांगून ठेवलंय.