शेवटच्या दोन एपिसोडमध्ये मालिका का कोसळते?

भुसावळच्या रेल्वे यार्डातल्या खुनापासून सुरू झालेली एक काल्पनिक गुन्हेमालिका घ्या. शेवटच्या सीझनला १० एपिसोड, प्रत्येकी ४५ मिनिटं. सुटायचे राहिलेले कथानकाचे ट्रॅक १२: खुनी कोण, कापसाच्या जिनिंगमधला काळा पैसा कुठे गेला, पोलिसांतला फितूर कोण, वगैरे. एका ट्रॅकला किमान चार सीन लागतात: मागची आठवण, नवा पुरावा, उलगडा आणि पडसाद. सीन ३ मिनिटांचा धरला तर ट्रॅकमागे १२ मिनिटं. आठ ट्रॅक शेवटच्या दोन एपिसोडवर ढकलले की लागतात ९६ मिनिटं, हातात असतात ९०. मग एडिटला बसल्यावर कात्री लागते पडसादालाच, कारण त्यात 'काही घडत नाही'.

मेंदूत मात्र तेव्हा बरंच घडत असतं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या बेन-याकोव्ह आणि दुदाई यांनी २०११ साली लोकांना छोट्या चित्रफिती दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेला हिप्पोकॅम्पस चित्रफीत संपल्या संपल्या जोरात कामाला लागला, आणि ज्या फिती लोकांना नंतर आठवल्या त्यांच्या शेवटी ही हालचाल जास्त होती. म्हणजे घटना मनात बसते ती तिच्या शेवटाला. तिथेच पुढचा गोळीबार सुरू केला, तर उलगडा कितीही मोठा असो, तो निसटण्याची भीती असते.

म्हणून अमळनेरच्या घरातला हा पडसादाचा सीन कापू नका. इन्स्पेक्टर उंबऱ्यात उभा आहे, आई अहिराणीत विचारते, "मना आंडोर कोठे शे?" (माझा मुलगा कुठे आहे?) तो टोपी काढतो. दीड मिनिट कुणी बोलत नाही, चुलीवर दूध उतू जातं. हे दीड मिनिट वाचवून काहीच मिळत नाही.

मधले एपिसोड रेंगाळतात त्याचं कारण वेगळं. मानसशास्त्रज्ञ जेफ्री झॅक्स यांच्या मांडणीनुसार पुढे काय होणार याचा मेंदू सतत अंदाज बांधत असतो, आणि तो अंदाज चुकला की तिथे नवी घटना सुरू झाली असं मानतो. भुसावळ ते धुळे हा शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता. जीपचे वीस झटपट कट लावले तरी इन्स्पेक्टर धुळ्याला जाणार हे आधीच ठाऊक असेल, तर अंदाज तसाच राहतो. कट वाढले, माहिती वाढली नाही. प्रत्येक सीनपुढे एका ओळीत लिहा: प्रेक्षकाला नवीन काय कळलं? सलग दोन ओळी कोऱ्या राहिल्या, तर त्यातला एक सीन काढा.

आखणी शेवटाकडून मागे करा. खुनी आणि फितूर १०व्या एपिसोडसाठी ठेवा, आणखी दोन ट्रॅक ८व्या-९व्यात सोडवा. उरलेले आठ ७व्या एपिसोडपर्यंत मिटले पाहिजेत. ९६ मिनिटांना तिथे ३१५ मिनिटं मिळतात आणि आईच्या उंबऱ्यावर थांबायला वेळ उरतो.