व्हिडिओ तपासणीला बसण्याआधी: गोळीची वेळ लिहून ठेवा

पार्किन्सन्स (आपला कंपवात), मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या नसा झिजण्याचा आजार), अटॅक्सिया (तोल आणि हालचालींवरचा ताबा जाणं) असे हळूहळू वाढत जाणारे आजार असलेल्या पेशंटना आपल्या केंद्रातून व्हिडिओवर न्यूरॉलॉजिस्टना (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना) दाखवता येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून पेशंटला गाडीत घालून पुणे गाठायचं, तिथं दिवसभर ताटकळायचं, हे वाचावं म्हणून ही सोय. पण पुष्कळदा कॉल वाया जातो, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं.

घरचे पेशंटला तयार करून बसवतात. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि कॉल चांगला व्हावा म्हणून तासभर आधी लिव्होडोपाची (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची) जादा गोळी. डॉक्टर समोर येतात तेव्हा गोळीचा गुण ऐन भरात असतो. आजोबा बोटं भराभर मिटून-उघडून दाखवतात, दारापर्यंत चालून येतात. डॉक्टर म्हणतात, छान, आहे तेच चालू ठेवा. चार दिवसांनी आम्हाला फोन: "अहो, पहाटे त्यांना कूससुद्धा बदलता येत नाही, डॉक्टरांनी काहीच कसं बदललं नाही?" दिसलंच नाही तर बदलणार काय? डॉक्टर म्हणजे मुलगी बघायला आलेले पाहुणे नव्हेत.

याचा अर्थ गोळी चुकवा असा नाही. रोजच्या वेळेला रोजचीच गोळी द्या. मनानं वाढवू नका आणि अचानक बंद तर मुळीच करू नका, ते धोक्याचं आहे. फक्त आधीचे तीन दिवस लिहून ठेवा: गोळी किती वाजता, गुण कधी आला, कधी उतरला, जेवण कधी झालं. जेवण अशासाठी, की प्रथिनं लिव्होडोपाच्या वाटेत येतात. डाळ, दही, शेंगाचटणी असं भरपेट जेवून लगेच घेतलेली गोळी काहींना उशिरा लागू पडते. साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यायला सांगतात. तुमच्या पेशंटचं डॉक्टरांनाच विचारा.

सगळ्यात वाईट वेळेचा मिनिटभराचा व्हिडिओही काढून ठेवा. अंथरुणातून उठताना, वळताना, उंबऱ्यापाशी पाय चिकटून बसतात तेव्हा. पाय दिसू देत, लोक नुसता चेहरा काढतात. मोबाईल धरणारा एक आणि पेशंटला आधार देणारा दुसरा, असे दोघं हवेत.

सिस्टर घरी पाठवण्याचे पैसे वेगळे का, हेही विचारलं जातं. व्हिडिओवर कंप, चाल, बोटांची गती दिसते. अंगातला ताठरपणा हात लावल्याशिवाय कळत नाही. शिवाय सिस्टर झोपवून एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी एकदा बीपी घेते. पार्किन्सन्समध्ये उभं राहताच बीपी घसरू शकतं, आणि पेशंट पडतो. तोल मात्र डॉक्टरांनी स्वतः खांद्याला मागून झटका देऊनच पाहायचा असतो, म्हणून सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेटीचा आग्रह. ती कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टकडे करा, कागद आम्हाला दाखवा.

"पेशंट झोपलेत, मीच पुण्याहून बोलतो," असं चालत नाही. पुण्याच्या मुलानं त्याच कॉलमध्ये जरूर यावं, पण पेशंट समोर हवा. केंद्र सरकारच्या २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांप्रमाणे डॉक्टरांना पेशंटची ओळख पटवावी लागते, आणि शेड्यूल एक्समधली (कायद्यानं कडक नियंत्रणाखाली ठेवलेली) औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. "मागचीच चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅप करा" म्हणून काउंटरवरच्या मुलावर चिडू नका, चिठ्ठी तो लिहीत नाही.

शेवटची दहा मिनिटं सांभाळणाऱ्या माणसाची. बहुतेक घरांत ती बायको किंवा सून असते. फोन दुसऱ्या खोलीत न्या. रात्री भिंतीवर माणसं दिसतात, उगाच संशय घेतात, हे पेशंटसमोर कुणी बोलत नाही. पण ते औषधानंही होतं आणि औषध बदलून कमी होऊ शकतं. स्वतःचं मन थकलं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे.

घास अडकून श्वास कोंडला, डोक्यावर पडले, एकाएकी एक बाजू लुळी पडली, तर आमच्या कॉलची वाट पाहू नका, १०८ लावा.

पेशंट कन्नड किंवा तेलुगूच बोलत असतील तर वेळ घेतानाच सांगा, तसं माणूस बसवतो. गोळ्यांच्या नोंदीचा छापील तक्ता काउंटरवर फुकट मिळतो, तिन्ही भाषांत.